बसायची जागा

ताबोकाल, ९ ऑगस्ट १९९९

एदिलेन,

तुझा पत्ता बायकांच्या गटाच्या झुल्मिराबाईंनी मिळवून दिला. अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. अन्सेल्मो बरा आहे. आमची लुसिनेते आता सतरा वर्षांची आहे, तुझ्यासारखी उंच झालीय.

मी कामापुरतं लिहितेय. तू हॉस्पिटलात नर्सबाईंच्या हाताखाली आहेस असं कळलं, म्हणून विचारते. माझ्या मांडीला मागच्या बाजूला एक चामखिळीसारखं काही झालंय. सहा वर्षं झाली असतील. आधी वाटाण्याएवढं होतं, आता तळहाताएवढं पसरलंय, वरून खडबडीत, फुलकोबीसारखं. खाज सुटते. पाल्याचा लेप लावून झाला, मेणाचा शेक देऊन झाला, गुरांच्या जखमेचं औषधही लावून पाहिलं. त्यानं कातडं भाजलं, बाकी काही झालं नाही. यावर एखादं मलम असेल तर नाव लिहून पाठव, गोन्सालो त्याच्या गाडीनं तालुक्याहून आणून देईल.

गावच्या फोनवर फोन करू नकोस. तिथं रांगेतले सगळे ऐकतात. यायची तर गरजच नाही.

आम्ही अजून नारळच फोडतो. बाबासूच्या माडांभोवतीचं कुंपण निघालं, हे तुला कळलंच असेल. आता कोणाच्याही कुरणात शिरून नारळ वेचता येतात, कोणी टोपल्या उपड्या करत नाही. कोण करायचं ते तुझ्या घरातच ठाऊक आहे, मी नाव काढत नाही.

अक्षर वाईट आलंय. चुलीच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय.

ओस्मारिना


ताबोकाल, ३ सप्टेंबर १९९९

एदिलेन,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, प्रश्नांची यादी. वर 'ताई' नाही, खाली तुझं नाव नाही. असू दे. उत्तरं देते.

किती वर्षं? सहा, लिहिलंच होतं. दुखतं का? दाबलं तर. रक्त येतं का? कपडा घासला की येतं. पृष्ठभागावर काळे बारीक ठिपके आहेत का, मिरपूड सांडल्यासारखे? आहेत. तुला कसं कळलं? वास येतो का? नाही. एखादा भाग कडक झालाय का, भरत नाही अशी जखम झालीय का? एका कोपऱ्यात आहे, पावसाळ्यापासून.

फोटो पाठवायला सांगितलास. तालुक्याला एकच फोटोवाला आहे, ओळखपत्राचे फोटो काढतो, आणि तो फादरचा भाऊ आहे. त्याच्यापुढे मी काय उघडं करू? खरं सांगते, ते मांडीला नाही. आपण जिथं बसतो तिथं आहे. डाव्या बाजूला. अर्ध्याहून जास्त जागा खाल्लीय त्यानं. आता मला खाली बसता येत नाही, म्हणजे उजवीकडे कलून बसते, आणि तेही तासभरच. नारळ निम्म्यानं कमी फुटतात. बायकांना सांगितलंय, कंबर धरलीय.

अन्सेल्मोलाही तेच सांगितलंय. दोन वर्षं आमच्या झोपायच्या झोळ्या वेगवेगळ्या खोल्यांत टांगलेल्या आहेत. पहिल्यांदा तो चिडला, मग कुजबुजत विचारायला लागला, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, कंबर. आता विचारत नाही. जेवतो, ताट धुतो, आत जातो. मला त्या ताट धुण्याची भीती वाटते. आधी कधी धुतलं नव्हतं त्यानं.

आणि वासाचं मी खोटं लिहिलं. येतो. उन्हाळ्यात जास्त. मी दिवसातून तीनदा नदीवर जाते. लुसिनेते म्हणते, "आई, तू मासा झालीस का?"

ओस्मारिना

तुझ्या यादीतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, घरात आधी कोणाला असं झालं होतं का. त्याचा विचार करून लिहीन.


ताबोकाल, २६ सप्टेंबर १९९९

एदिलेन,

या वेळी निदान चार ओळी सलग लिहिल्यास. १४ ऑक्टोबरची वेळ घेतलीस, त्वचेच्या डॉक्टर बाई दक्षिणेतून आल्यात, चांगल्या आहेत, वगैरे. उपकार झाले. पण मला यायला जमणार नाही.

कारण ऐक. आमच्या बायकांच्या गटाला साबण करणाऱ्यांकडून तेलाची मोठी मागणी आलीय. झुल्मिराबाईंनी तीन वर्षं खेपा घातल्या तेव्हा मिळाली. तेल काढायला गटात सहाजणी आहेत आणि कढई माझ्याकडे आहे. माझ्या अंगावर जखम आहे आणि ती शहरात दाखवावी लागली, एवढं जरी बाहेर गेलं तरी काय होईल? बेलार्मिनो आठवतो? त्याच्या पाठीवर डाग दिसला, आरोग्यवाल्यानं महारोग म्हटलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या कसाव्याचं पीठ कोणी घेतलं नाही. औषधानं बरा झाला तरी घेतलं नाही. शेवटी तो मुलीकडे निघून गेला. मला त्याचं तोंड अजून दिसतं, पोतं पाठीवर घेऊन दारोदार फिरतानाचं. मीसुद्धा दार उघडलं नव्हतं.

मला हा महारोगच आहे असं वाटतं. तू 'बहुतेक नाही' लिहिलंस. बहुतेक हा शब्द मी शंभरदा वाचला. बहुतेक म्हणजे किती?

अंघोळीनंतर आरशाचा तुकडा धरून पाहते. हा आठवडाभर रोज पाहिलं. कडक कोपरा वाढतोय असं एक दिवस वाटतं, दुसऱ्या दिवशी नाही वाटत. मग सुतळीनं मोजायला लागले, आणि सुतळी कुठं ठेवली ते आठवेना म्हणून घरभर शोधत बसले. लुसिनेतेनं विचारलं, काय हरवलं? मी सांगितलं, सुई.

तू परत विचारलंस, घरात कोणाला होतं का. नाही. कोणालाच नव्हतं.

ओस्मारिना


ताबोकाल, २ ऑक्टोबर १९९९

एदिलेन,

मागचं पत्र गोन्सालोच्या हातात दिलं आणि घरी येईपर्यंत ठरलं, ते परत घ्यायचं. परत धावले, तोवर गाडी गेली होती. म्हणून हे दुसरं. दोन्ही एकदम मिळाली तर हे आधी वाच.

आईला होतं.

त्याच जागी. माझ्यापेक्षा वाईट, दोन्ही बाजूंना. तू नर्सचं काम शिकायला मठाच्या शाळेत गेलीस त्याच्या आधीपासून. आठवून बघ, आई कधी स्टुलावर नीट बसली होती का? नेहमी दाराला टेकून उभी असायची, किंवा झोळीत पालथी. तू म्हणायचीस, आई म्हणजे पहारेकरी. ती हसायची.

मी तिच्या पट्ट्या बदलायचे. चौदा वर्षं, रोज सकाळी, सगळे नदीवर गेले की. तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, "एदिलेनला कळता कामा नये. ती शिकतेय, ती लगेच मला घेऊन जाईल आणि चार पोरांपुढे उघडं करून झोपवील." मी कबूल झाले. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मोठं काहीतरी माझ्यावर सोपवलंय असं वाटायचं मला.

आता तुझ्या लग्नाचं. तुला वाटतं आई आली नाही कारण वाल्देसी जमीनदाराच्या कुंपणावर राखणीला होता आणि त्यानं आमच्या टोपल्या उपड्या केल्या होत्या. मला त्याचा राग होता, आहे. आईला नव्हता. आई म्हणाली होती, "नोकरी होती त्याची. माझ्या पोरीला मारत नाही ना, बस." ती निघाली होती, एदिलेन. निळा झगा इस्त्री केला, केसाला तेल लावलं. मी आणि ती ट्रकच्या मागच्या फळीवर चढलो. रस्ता तुला माहीत आहे. दुसऱ्या ओढ्यापर्यंत पोचलो आणि झग्यातून रक्त आलं, फळीवर उतरलं, शेजारच्या बाईनं पाय आखडून घेतले. आई म्हणाली, "उतरव मला." आम्ही रस्त्यात उतरलो आणि दोन तास चालत घरी आलो. वाटेत ती म्हणाली, "तिला सांग, मला यायचं नव्हतं. रागावेल, पण रागावलेलं परवडलं."

मी तुला तसंच सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं होतं, हेही आता लिहूनच टाकते. वाल्देसीशी लग्न केलंस म्हणून तुला थोडं लागावं, असं मला वाटत होतं.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली, तू बस पकडून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलीस आणि माती टाकून झाली होती. तू कबरीजवळ सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "एक दिवस थांबता आलं नाही तुला?" तुला पोटाचा आजार सांगितला होता, तो खोटा होता. शेवटच्या वर्षी त्या जागेची गाठ झाली होती, मग ती फुटली. तिला माझ्याशिवाय कोणी धुवायचं नाही, कोणाला बघू द्यायचं नाही, असं तिनं सांगून ठेवलं होतं. मी एकटीनं धुतलं, गुंडाळलं आणि पहाटे उरकून टाकलं. उष्णता होती. थांबले असते तर लोकांना वास आला असता.

आईला हे होतं आणि ते तिच्यातून माझ्यात आलं, असं मी सहा वर्षं धरून चाललेय. चौदा वर्षं त्या चिंध्या हातानं धुतल्या. कधी कधी तिचा राग येतो. मग स्वतःची लाज वाटते.

आईचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे म्हणूनच कडक कोपऱ्याची भीती वाटते. हे आता डॉक्टरांना सांग. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ओस्मारिना


ताबोकाल, २१ नोव्हेंबर १९९९

एदिलेन,

तुझं उत्तर नाही. सात आठवडे झाले. गोन्सालोची गाडी आली की मी आता रस्त्यापर्यंत जात नाही, तो लांबूनच मान हलवतो.

तुला आईचं लिहून झाल्यावर घरी राहवेना, म्हणून १४ ऑक्टोबरला मी आले होते, हे तुला कळलंच असेल. अन्सेल्मोही होता. त्याला सांगितलं कंबर दाखवायचीय. बसमध्ये जागा रिकामी होती तरी मी दांडा धरून उभी राहिले. अन्सेल्मो म्हणाला, "बस की." मी म्हटलं, नको. "सात तास उभी राहणार आहेस?" हो. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग तोही उठला आणि शेजारी उभा राहिला. कंडक्टर म्हणाला, "तिकीट बसायचं काढलंय, काका." हा म्हणाला, "पाय आखडलेत."

बस चहापाण्याला थांबली तेव्हा मी त्याला पंपामागे नेऊन सांगितलं. सगळं, आईचंसुद्धा. तो खाली बघून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दोन वर्षं मी समजत होतो, माझा वास तुला नकोसा झालाय. साबण बदलला मी. दोनदा." पुढे शहर येईपर्यंत त्यानं माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती.

हॉस्पिटलात तुझं नाव सांगितलं. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "एदिलेन आज नाही, तिनं ड्यूटी बदलून घेतली." मी म्हटलं, बरं.

डॉक्टर बाई तरुण आहेत. मला पालथं झोपवलं, चादर जेवढ्यास तेवढी सरकवली आणि एक शब्दही वाईट बोलल्या नाहीत. मी मात्र रडले. त्यांनी विचारलं, तुम्ही काम कसं करता? मी उठून जमिनीवर करून दाखवलं. कुऱ्हाडीचं पातं वर करून दांडा पायाखाली दाबायचा, नारळ पात्यावर धरायचा, सोट्यानं हाणायचा. त्यांनी विचारलं, करवंट्या कुठं पडतात? मी म्हटलं, अंगाखालीच की, त्याच्यावरच तर बसतो. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, बुरशी असते. करवंटीत, कुजक्या लाकडात, मातीत. टोचलं की कातडीखाली खोल जाते आणि वर्षानुवर्षं तिथंच वाढते. माणसातून माणसात जात नाही.

मी परत विचारलं. आईच्या पट्ट्या मी धुवायचे, त्यातून नाही? त्या म्हणाल्या, "नाही. तुमच्या आईंनाही करवंटीनंच दिलं, तुम्हालाही करवंटीनंच."

हे तुला सांगायचं होतं. आईकडून आलेलं नाही.

ठिपक्यांच्या जागेवरून त्यांनी खरवडून काचेवर घेतलं, आणि कडक कोपऱ्यातून दोन तुकडे कापले. खरवडल्याचं लगेच कळलं, बुरशीच आहे. तुकड्यांचं कळायला दोन महिने लागतात. ते अजून संपलेले नाहीत. मी भात करपवते. कढईवर मी नसते आता, गटातली दोमिंगास असते, तीही विचारते, "तुझं लक्ष कुठंय ग?"

आईला पहिली गाठ दिसली तेव्हापासून ती अकरा महिने जगली. मी रोज मोजते.

ओस्मारिना


ताबोकाल, १९ डिसेंबर १९९९

एदिलेन,

निकाल आला. कोपरा बिघडायला लागलाय, पण नुसता लागलाय. फार खोल गेलेला नाही. ११ जानेवारीला तेवढा भाग कापून काढणार, बाकीच्याला रोज जेवणाबरोबर कॅप्सूल, वर्षभर, कदाचित जास्त, आणि अधूनमधून गोठवून जाळायचं. मी डॉक्टर बाईंना म्हटलं, खरं सांगा. त्या म्हणाल्या, "तुम्ही आणखी वर्षभर घरी बसला असता तर खरं वेगळं असतं." त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करतेय. दिवसा जमतं.

दुसरी गोष्ट घडली ती सांगायलाच हवी.

जमिनीवर बसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. अन्सेल्मोनं मला बुटका बाक करून दिला, वर गादीचा तुकडा ठोकला. तो घेऊन मी झाडांखाली गेले. बायका काय सोडतायत? दोमिंगास म्हणाली, "शहर बघून आली तर राणी झाली. उद्या पंखा घालायला माणूस आणशील." सगळ्या हसल्या. मीही हसणार होते, पण तोंडातून निघून गेलं. मी सांगितलं, कंबर नाही, ढुंगणाला रोग झालाय, करवंट्यांमुळे झालाय, आणि आई त्यानंच गेली.

सोटे थांबले. झुल्मिराबाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं ज्याची मला भीती होती. "आणि तेलाचं काय?" डॉक्टर बाईंनी लिहून दिलेला कागद मी बरोबरच ठेवला होता, की हा लागत नाही, तेलातून नाही, हातातून नाही. झुल्मिराबाईंनी तो मोठ्यानं वाचला, मग परत मनात वाचला, घडी घालून आपल्या पोलक्यात ठेवला. म्हणाल्या, "कोणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव."

तेवढ्यात दोमिंगास खाली बघत म्हणाली, "त्यात काळे ठिपके असतात का?"

ठिपक्यांबद्दल मी काही बोललेच नव्हते.

आम्ही दोन झाडांमध्ये चादर बांधली. दोमिंगासचं माझ्याहून जुनं आहे, नऊ वर्षांचं. ती गावात सगळ्यांत जास्त बडबड करते आणि नऊ वर्षं तिनं हे एक सांगितलं नव्हतं. नंतर क्लेओनीस चादरीमागे आली, आणि मग झुल्मिराबाईंची सून, तिचं अजून वाटाण्याएवढंच आहे. ती बावीस वर्षांची आहे. तिला बघून झुल्मिराबाई तिथंच उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

एदिलेन, मी तुझ्याकडे माफी मागत नाहीये, ती मागायची तर पत्रात नाही. पण दोमिंगास शहरात जायला तयार नाही. म्हणते, अनोळखी माणसापुढे मी झगा वर करणार नाही, मेले तरी चालेल. आई असंच म्हणायची. डॉक्टर बाई म्हणाल्या, हॉस्पिटलातून ओळखीचं कोणी बरोबर असेल तर त्या इथं येतील. ओळखीची तूच आहेस. दोमिंगास तुला लहानपणापासून ओळखते, तुझ्या वेण्या घालायची.

ओस्मारिना


ताबोकाल, २७ फेब्रुवारी २०००

एदिलेन,

तू डॉक्टर बाईंना घेऊन आलीस आणि गेलीस, त्याला पाच दिवस झाले. दोमिंगासनं कॅप्सूल सुरू केल्या. क्लेओनीसचा नवरा आधी कुरकुरला, आता तोच जेवताना गोळीची आठवण करतो. झुल्मिराबाईंनी सगळ्यांसाठी बाक करायला टाकलेत आणि करवंट्या रोज झाडून लांब टाकायचा नियम केलाय. मोडला तर तासभर बोलतात, म्हणून कोणी मोडत नाही.

तुला माहीत नसलेलं एक सांगते. जानेवारीत ऑपरेशननंतर मी पालथी पडून होते तेव्हा तू आली होतीस. खाटेला टांगलेला कागद वाचलास, पट्टीचा कोपरा उचलून पाहिलास, परत चिकटवलास, आणि गेलीस. मी जागी होते. डोळे मिटून घेतले होते. तू काय बोलशील याची भीती वाटत होती, आणि तू काहीच बोलली नाहीस तर त्याची जास्त.

इथं आलीस तेव्हाही माझ्याशी कामापुरतंच बोललीस. पाणी उकळ, कापूस दे, पुढची कोण. तिघींना तू ज्या तऱ्हेनं हात लावलास ते मी बघत होते. दोमिंगासला म्हणालीस, "मावशी, एवढं मोठं बांडगूळ एकटीनं पोसलंस?" आणि ती हसता हसता रडायला लागली. मग सगळं आवरल्यावर तू हात धूत मला विचारलंस, "आईला रोज कोण धुवायचं?"

मी म्हटलं, "मी."

"एकटी?"

"एकटी."

"मी त्याच कामाला शिकत होते, ताई. तेच काम. मी केलं असतं." तू एवढंच म्हणालीस आणि पुसायला फडकं मागितलंस. मी ते दिलं. तुझं बरोबर आहे.

गाडीत बसताना तू शेवटचं विचारलंस, जाताना आई माझ्याबद्दल काही बोलली का. गोन्सालोनं गाडी सुरू केली होती, मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं. पाच दिवस मी काय लिहावं याचा विचार करतेय. चार वाक्यं तयार झाली होती, सगळी चांगली होती. आईच्या तोंडी शोभली असती, तू ती आयुष्यभर जपली असतीस आणि कोणाला कधी कळलं नसतं. पण मी तुला तेरा वर्षं आईच्या नावानं खोटं सांगितलंय.

ती तुझ्याबद्दल काही बोलली नाही. माझ्याबद्दलही नाही. पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि विचारलं, "दार लावलंयस ना?" मी हो म्हटलं.

लावलेलंच होतं.

पट्टी बदलायला तू १८ मार्च सांगितलीस. मी येते.

ओस्मारिना